गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा : चि. ताईस पत्र

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. ताई हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीत तुझी गाडी दोन दिवस जागची हललेली नाही आणि तिथल्या कारागिराने किल्ली एकदा फिरवून पाहून सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटार, गेल्याचे सांगितले आहे, हे तुझ्या आईकडून समजले. नवीन सेल्फ बसवायला होकार देण्याआधी हे पत्र पूर्ण वाच आणि यात लिहिलेली मापे स्वतः घे. सेल्फ आणि डायनामो दुरुस्तीचे काम मी इतकी वर्षे करत आलो आहे, आणि खराब म्हणून गाडीतून उतरवलेला सेल्फ दुकानातल्या टेबलावर बॅटरी जोडताच भिरभिर फिरताना मी वारंवार पाहिला आहे. अशा वेळी दोष गाडीतच राहिलेला असतो, कधी टर्मिनलला, कधी अर्थिंगच्या पट्टीला, कधी दहा-वीस रुपयांच्या फ्यूजला, आणि गिऱ्हाइकाने पैसे मात्र सेल्फचे मोजलेले असतात. मापल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही, एवढे माझे ऐक.

सर्वांत आधी स्वतःला एकच प्रश्न विचार : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते का? सेल्फ इंजिनाला फिरवतो पण गाडी चालू होत नाही, हा एक आजार. सेल्फ इंजिनाला फिरवतच नाही, हा अगदी वेगळा आजार. पहिल्यात पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन यांचा विचार करायचा असतो, दुसऱ्यात फक्त विजेच्या वाटेचा. लोक दोन्हीला 'गाडी चालू होत नाही' असेच म्हणतात आणि तिथूनच चुकीचा खर्च सुरू होतो. तुझी गाडी नुसती टिक-टिक करते, म्हणजे आपल्याला दुसऱ्या वाटेने जायचे आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, हँडब्रेक ओढ, हेडलाइट लाव आणि क्लच दाबून किल्ली फिरव. दिवे एकदम मंदावून विझल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा सांधा खराब आहे, असे बहुधा निघते. दिवे जराही न हलता तसेच प्रखर राहिले, तर सेल्फपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही. जलद टिक-टिक होते त्यामागचे कारण असे, की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेने ओढला जाणारा स्विच, ओढला जातो, सेल्फ प्रवाह मागताच व्होल्टेज कोसळते, त्यामुळे सोलेनॉइड सुटतो, सुटल्यावर व्होल्टेज पुन्हा चढते आणि तो पुन्हा ओढला जातो. म्हणून या आवाजात मी सेल्फवर संशय सर्वांत शेवटी घेतो.

तुझ्या भावाबरोबर एक डिजिटल मीटर पाठवत आहे. तो डीसी २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर लाव. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी उरली आहे, आणि १२ च्या खाली गेली असेल तर तिच्याकडून सेल्फ फिरवण्याची अपेक्षा ठेवू नये. एवढ्यावर मात्र थांबायचे नाही, कारण म्हातारी बॅटरी विश्रांतीत १२.५ दाखवून भार पडताच बसते. म्हणून शेजारच्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांग आणि त्याच क्षणी मीटर पाहा. आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे; तो ७ किंवा ६ वर घसरला, तर आधी बॅटरी चार्ज करून घे, आणि चार्ज केल्यावरही तसाच घसरला तर बॅटरीच बदलायची आहे.

बॅटरी ठीक निघाली तर टर्मिनलकडे वळ. तू समुद्राजवळ राहतेस आणि खारी हवा तांब्या-शिशाच्या सांध्यांना सोडत नाही. क्लॅम्पभोवती, म्हणजे खुंटीवर आवळलेल्या वायरच्या कडीभोवती, पांढरी-हिरवी भुकटी दिसली, की आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडायची, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्याने सांधा धुवायचा, कोरडा करायचा, खुंटी आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, लाल आधी आणि काळी शेवटी घट्ट आवळायची, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यायचा. क्लॅम्प हाताने जरासुद्धा फिरत असेल, तर तो ढिला आहे असे समज.

यापुढची परीक्षा फारसे कोणी करत नाही, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मीटरची काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकव, क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशावर, आणि लाल काडी इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूवर. आता किल्ली फिरवायला सांग. मीटरने ०.२ किंवा ०.३ व्होल्टपर्यंत दाखवले तर अर्थिंग चांगले आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवले, तर इंजिनाला बॉडीशी आणि बॅटरीशी जोडणारी पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. सेल्फ सुरुवातीला दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो, आणि दीडशे अँपिअरच्या वाटेत ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला तरी ३ व्होल्ट तिथेच संपतात. पाट मध्येच फुटला असेल तर मोटार कितीही चांगली असली तरी उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही, तसेच हे आहे. लाल बाजूलाही, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, हेच माप घ्यायचे. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते.

किल्ली फिरवल्यावर टिक आवाजही न येता सर्व शांत असेल, तर क्लच पूर्ण दाबला गेला आहे का ते पाहा, कारण बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलच्या स्विचशिवाय सेल्फ लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर 'पी' किंवा 'एन' वर असावा लागतो. मग फ्यूज पाहा, आणि सेल्फचा रिले, म्हणजे फ्यूजच्या पेटीतला विजेने चालणारा छोटा स्विच, हॉर्नच्या रिलेसारखाच असेल तर दोन्हींची अदलाबदल करून पाहा. निकाल देणारे माप मात्र सोलेनॉइडवरच्या बारीक वायरचे आहे. कोणीतरी किल्ली धरून ठेवलेली असताना त्या वायरवर बॅटरीएवढे व्होल्टेज आले, जाड वायरवरही आहे, अर्थिंगही ठीक आहे, आणि तरीही सेल्फ गप्प आहे, तर सेल्फ खरोखर बिघडला आहे. हे व्होल्टेज आलेच नाही, तर दोष त्याच्या आधी किल्लीच्या स्विचपासून रिलेपर्यंत कुठेतरी आहे आणि नवा सेल्फही तसाच गप्प बसेल.

सेल्फच दोषी ठरला तरी तो पूर्ण बदलावा लागतोच असे नाही. सोलेनॉइडच्या टोपीखाली तांब्याच्या दोन बोल्टांची डोकी असतात आणि त्यांना जोडणारी तांब्याची चकती असते; प्रत्येक वेळी गाडी चालू करताना तिथे ठिणगी उडते आणि काही वर्षांत ती डोकी जळून खड्डे पडतात. एकच ठसठशीत 'टक्' येतो, दिवे मंदावत नाहीत आणि पुढे काही घडत नाही, ते बहुधा यामुळे किंवा सेल्फच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन झिजल्यामुळे. नुसता घर्र आवाज येऊन इंजिन हलत नसेल तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाच्या चाकाशी जोडणारे दाते, घसरतो. हे सर्व भाग सुटे मिळतात. तशी वेळ आली तर सेल्फ उतरवून एस.टी.च्या पार्सलने माझ्याकडे पाठव, मी स्वतः उघडून पाहीन.

तातडीने निघावे लागले तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर लावता येतील. लाल वायर आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास उडते. गाडी चालू झाल्यावर खुंट्यांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तितके दिसत नसतील तर डायनामो चार्जिंग करत नाही आणि आंबा घाटात पुन्हा अडकशील, म्हणून तसे निघू नकोस. सेल्फचे बोल्ट पान्याने जोडून गाडी चालू करून देणारा कोणी भेटला, तर त्याला हात लावू देऊ नकोस. गाडी गिअरमध्ये असली तर ती माणसाच्या अंगावर जाते.

सेल्फ मारतो पण गाडी पेटत नाही, असे पुढे कधी झाले तर किल्ली ऑनवर ठेवून मागच्या सीटखाली कान दे, कारण पेट्रोलच्या टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणायला हवा. किल्लीचे चिन्ह असलेला दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही, दुसरी किल्ली लावून पाहा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नसेल, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरवर, माझा संशय जाईल. स्कॅनर लावल्यावर पी०३३५ हा कोड आला तर आधी त्याची वायर आणि सॉकेट तपासून घ्यायचे. इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते, तेव्हा पुन्हा सेल्फ मारू नकोस. एरवीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचे, नाहीतर चांगला सेल्फ जळतो.

जुलैत तू इकडे येणार आहेस, म्हणून एक गोष्ट कळकळीने लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या. अशा गाड्यांची इंजिने नुसत्या पाण्याने तेवढी खराब होत नाहीत, जेवढी पाणी ओसरल्यावर मालकाने 'बघू चालू होते का' म्हणून मारलेल्या सेल्फने होतात. पेट्रोल-हवेचे मिश्रण पिस्टनच्या दाबाने दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बहुतेक साध्या विमा पॉलिसींत इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल, तर या नुकसानाची भरपाई मिळत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोक्याची ४३. पाणी ३९ कडे सरकू लागले की गाडी उंचावर नेऊन ठेवायची. ती बुडालीच, तर किल्ली फिरवायची नाही, बॅटरीची काळी वायर सोडायची, एअर फिल्टर ओला आहे का आणि ऑइलच्या पट्टीवर दुधाळ रंग आहे का ते पाहायचे, आणि मला बोलवायचे. प्लग काढून, इंजिन पान्याने हाताने फिरवून, सिलिंडरमधले पाणी बाहेर काढल्यानंतरच सेल्फ लावायचा असतो.

बॅटरीचे विश्रांतीतले आणि सेल्फ मारतानाचे असे दोन्ही आकडे, तसेच अर्थिंगचे माप, कागदावर लिहून मला कळव. तोपर्यंत कारागिराला थांबायला सांग.

तुझे बाबा