सबस्टेशनच्या खोलीला हवा येऊ द्या

मा. संपादक,

उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, ट्रान्सफॉर्मर जुना झालाय, मोठा बसवा. लोड वाढलाय हे खरंच आहे, पण खाली त्या सबस्टेशनच्या खोलीत हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे कोणी जाऊन बघत नाही, माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे.

गावाकडची डीपी उघड्यावर असते, वारा लागतो. मुंबईत जागाच नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर बिल्डिंगच्या तळमजल्यावर नाहीतर पोडियमखाली पार्किंगच्या कोपऱ्यात. आता हे मशीन तसं भारी, 99 टक्क्यांच्या आसपास वीज पुढे देतं, त्यामुळे उरलेल्या 1 टक्क्याची, म्हणजे लॉसची, उष्णता होते त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण 1000 केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर फुल लोडवर असेल तर तो 1 टक्का म्हणजे 10 किलोवॅटच्या आसपास, म्हणजे 2 किलोवॅटचे पाच गीझर त्या खोलीत चालू ठेवल्यासारखं आहे.

यातला कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला लॉस लोड असो नसो, 24 तास चालू. तो 1 किलोवॅट जरी धरला तरी वर्षाला 8760 युनिट झाले. वाइंडिंगमधला, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतला कॉपर लॉस मात्र करंटच्या वर्गाने वाढतो, लोड निम्मा तर लॉस पाव, आणि लोड सव्वापट झाला तर लॉस दीडपटीच्याही वर. पूर्वी रात्री लोड उतरायचा, ट्रान्सफॉर्मर जरा थंड व्हायचा, आता मे महिन्यात घराघरात एसी रात्रभर, त्यात गाड्यांचं चार्जिंगही रात्रीच आणि मुंबईतली मे महिन्यातली रात्र काही थंड नसते, मग तो बिचारा थंड होणार कधी?

तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला बहुतेक वेळा पंप नसतो. तेल गरम झालं की आपोआप वर चढतं, बाजूच्या रेडिएटरमधून खाली येताना उष्णता हवेला देतं, बस्स. म्हणजे हवाच हलत नसेल तर तेल फिरूनही उपयोग नाही. खोलीला खाली एक जाळी लागते थंड हवा आत यायला आणि वर एक गरम हवा जायला. आमच्या भागात बघितलं तर खालच्या जाळीला लागून स्कूटर, जुनी कपाटं, गणपतीच्या मंडपाचे बांबू, आणि एके ठिकाणी तर पावसाचं पाणी येतं म्हणून फ्लेक्सच ठोकलाय! तेल नसलेला ड्राय टाइप असेल तर अजूनच वाईट, त्याची वाइंडिंग थेट हवेवरच थंड होते आणि धूळ बसली की तेही नीट होत नाही.

नुकसान लगेच दिसत नाही हीच गंमत आहे. तांब्यावर कागदाचं इन्सुलेशन असतं, साध्या कागदाला सगळ्यात गरम जागी साधारण 98 अंश चालतात, त्याच्या वर दर 6 अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो. त्यात गरम तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे लॉसही अजून वाढतो. मग एक दिवस जातो आणि आपण म्हणतो माल खराब होता.

रिडेव्हलपमेंटच्या प्लॅनमध्ये सबस्टेशनची जागा बहुतेक वेळा जी कशालाच उपयोगी नाही ती असते. प्लॅन पास करताना महापालिकेने आणि वीज कंपनीने खोलीच्या क्षेत्रफळाबरोबर हवेचा मार्गही बघावा, आणि पझेशननंतर तो उघडा आहे का हे दरवर्षी उन्हाळ्याआधी परत बघावं. शहरात बेस्ट असो, उपनगरात अदानी-टाटा की मुलुंडला महावितरण, नियम सगळ्यांना एकच हवा. मॉल, हॉस्पिटल वगैरे जे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घेतात त्यांनीही नुसती किंमत न बघता लॉसचे आकडे आणि बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टार बघावेत, कारण ते बिल पुढे 25 वर्षं भरायचंय.

सोसायट्यांनी फक्त जाळीपुढचं सामान हलवावं. आतलं काम कंपनीच्या माणसांचंच, तिथे 11 हजार व्होल्ट असतात, कुलूप उघडून टेबलफॅन लावायला कोणी जाऊ नका.

- एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, परळ