स्यूडोटर्मिनल म्हणजे पाइप नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिनक्सवरील सी प्रोग्रॅमिंगविषयीच्या आपल्या लेखमालेत स्यूडोटर्मिनलची (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या, खऱ्या टर्मिनलसारख्या वागणाऱ्या टर्मिनलची) ओळख ‘दोन्ही दिशांनी वाहणारा पाइप’ अशी करून दिली आहे. या विषयावर मराठीत लिहिले जात आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच ही उपमा दुरुस्त व्हावी असे वाटते.

पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोसेसकडून दुसरीकडे बाइट नेणाऱ्या वाहिनीत, जे बाइट घालावेत तेच पलीकडे निघतात. स्यूडोटर्मिनलच्या मास्टर (नियंत्रण करणाऱ्या प्रोग्रॅमकडचे) आणि स्लेव्ह (टर्मिनल समजून चालणाऱ्या प्रोग्रॅमकडचे) या दोन टोकांच्या मध्ये मात्र कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) लाइन डिसिप्लिन, म्हणजे टर्मिनलच्या मजकुरावर प्रक्रिया करणारी व्यवस्था, असते. मास्टरवर लिहिलेली अक्षरे ही लाइन डिसिप्लिन ओळ पूर्ण होईपर्यंत धरून ठेवते, त्यांचा एको मास्टरकडेच परत पाठवते, आणि कंट्रोल-सीचा बाइट आला तर तो प्रोग्रॅमला न देता फोरग्राउंड प्रोसेस ग्रुपला (टर्मिनलवर सध्या पुढे चालू असलेल्या प्रोसेसच्या गटाला) ‘सिगइंट’ हा काम थांबवण्याचा सिग्नल देते. आपणच लिहिलेला मजकूर आपल्याला परत का वाचायला मिळतो, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न इथेच सुटतो. एकाच ओळीत 4,095 हून अधिक बाइट पाठवले, तर लिनक्समध्ये त्यापुढचे बाइट मुकाट्याने टाकून दिले जातात. पाइपमध्ये असे कधीच घडत नाही. हे वागणे बदलायचे असेल तर ‘टीसीसेटअ‍ॅट्र’ हे फंक्शन वापरून टर्मिनल रॉ मोडमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे पुढे देणाऱ्या स्थितीत, न्यावे लागते.

‘पोझिक्स_ओपनपीटी’, ‘ग्रँटपीटी’, ‘अनलॉकपीटी’ आणि ‘पीटीएसनेम’ हा स्यूडोटर्मिनल तयार करणाऱ्या फंक्शनांचा क्रम लेखात बरोबर दिला आहे. पण ‘फोर्क’ने नवी प्रोसेस तयार केल्यानंतर त्या चाइल्ड प्रोसेसने ‘सेटसिड’ करून नवे सेशन (प्रोसेसचा स्वतंत्र गट) सुरू करायचे आणि मगच स्लेव्ह उघडायचा, हे त्यात राहून गेले. तसे न केल्यास स्लेव्ह हा चाइल्डचा कंट्रोलिंग टर्मिनल (ज्यावरून त्याला असे सिग्नल मिळतात तो) होत नाही, आणि मग कंट्रोल-सी दाबूनही चाइल्डवर काही परिणाम होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटाचा आहे. पाइपची लिहिण्याची सर्व टोके बंद झाली की ‘रीड’ हे वाचण्याचे फंक्शन शून्य देते. लिनक्समध्ये स्लेव्हचे सर्व उघडे डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचे क्रमांक) बंद झाल्यावर, उरलेला मजकूर वाचून संपला की, मास्टरवरील ‘रीड’ उणे एक देते आणि ‘एररनो’ या चूक सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ‘ईआयओ’ (इनपुट-आउटपुटची चूक) असते. ही हार्डवेअरची चूक नसून चाइल्डचे काम संपल्याची खूण आहे. शिवाय पॅरेंटने (फोर्क करणाऱ्या मूळ प्रोसेसने) स्लेव्हचा डिस्क्रिप्टर स्वतःकडे उघडा ठेवला असेल, तर ही खूणही कधी येत नाही आणि ‘रीड’ अडकून राहते. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये नेमके हेच झाले होते, आणि कारण एका ‘क्लोज’च्या अभावात आहे हे समजायला मला दोन दिवस लागले.

लेखमालेच्या पुढील भागात पाइपच्या उपमेची दुरुस्ती छापावी आणि ‘सेटसिड’ व ‘ईआयओ’ हे दोन्ही मुद्दे चालणाऱ्या कोडसह समजावून द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक