पोत्यांतल्या डब्यांविषयी

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांस बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तान्हा पोळा झाल्यावर निघाले, यवतमाळहून रात्रीची गाडी मिळाली आणि सकाळी सुखरूप पोचले. आईला चष्मा लावूनही मोबाइलवरचे अक्षर नीट लागत नाही, म्हणून हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो बाबांकडे पाठवते आहे. बाबा, ते आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधले एकही वाक्य गाळू नका.

आई, निघताना मी तुला म्हटले होते की प्लास्टिकच्या डब्यांची दोन पोती गोठ्यात, बैलांच्या झुलींच्या मागे बांधून ठेवली आहेत. ते खरे नव्हते. खांदशेकणीच्या दिवशी दुपारी तू प्लास्टरचा हात उशीवर ठेवून झोपली होतीस, तेव्हाच ती पोती मी कबाड्याला देऊन टाकली. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत, प्रसाद पाठवायला तू डबे शोधायला गोठ्यात जाशील आणि अंधारात आणखी कशाला तरी अडखळशील, या भीतीने आजच सांगते आहे. मिळालेले पैसे देवघरातल्या पितळी डबीखाली ठेवले आहेत.

तुला न विचारता केले, ही माझी चूकच आहे. पण विचारले असते तर तू नेहमीसारखे "फेकतेस कायले, कामी पडते" म्हणाली असतीस आणि मी ऐकले असते, हेही तुला ठाऊक आहे. तू स्टुलावरून पडलीस ते स्टूल डुगडुगल्यामुळे, असे तू सगळ्यांना सांगतेस. मला मात्र बाबांनी आठ दिवसांनी का होईना खरे सांगितले. श्रावण सोमवारचा साबुदाणा माळ्यावरच्या श्रीखंडाच्या आठ सारख्या डब्यांपैकी कोणत्या डब्यात आहे, हे पाहायला तू खालचा डबा ओढलास आणि सगळी चळत अंगावर आली. स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे मान्य, तो बाबांनी या आठवड्यातच सुताराकडून नीट करून घ्यावा, पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईने माळ्याकडे हात करण्याची वेळच येऊ नये, असे मला वाटले.

त्या दुपारी मी सगळे डबे ओसरीवर ओतून मोजले. डबे ६३ भरले, झाकणे ४१, आणि एकमेकांना बसणाऱ्या जोड्या फक्त २६. बाकीची झाकणे कोणत्या डब्यांची, हे बहुधा त्या डब्यांनाही आठवत नसावे. सहा डबे तर आपले नव्हतेच. बुडाशी तापल्या खिळ्याने कोरलेली शेजारच्यांची खूण होती, ते मी प्रत्येकात मूठमूठ साखर घालून ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले. डबा रिकामा परत करू नये, हे तूच शिकवलेस.

काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे मनाला येईल तसे ठरवले नाही. डब्याच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा एक आकडा असतो. ज्यांवर ५ किंवा २ होता आणि जे चिरलेले, ओरखडलेले नव्हते, ते ठेवले. १ आकड्याच्या पारदर्शक बरण्या कोरड्या डाळींना चांगल्या म्हणून त्याही ठेवल्या, पण त्यांना उष्णता सोसत नाही, ७०-८० अंशांतच त्या मऊ पडू लागतात. मागच्या दिवाळीत कढईतला चिवडा निवायच्या आत भरलास आणि बरणी कंबरेत आखडली, ते त्यामुळेच. तळणाचे तेल १८० अंशांच्या आसपास असते, आणि ५ आकड्याचे प्लास्टिकसुद्धा १६० च्या सुमारास वितळते, तेव्हा झाऱ्यावरची करंजी कोणत्याही प्लास्टिकमध्ये थेट टाकू नकोस. गरम वरण आणि तळण स्टीलमध्ये, लोणचे आजीच्या चिनी मातीच्या बरणीत, पापड-कुरड्या-खारोड्या टिनाच्या डब्यात, कारण उंदीर प्लास्टिक कुरतडतो आणि टिनापुढे हरतो. बाकी कोरडे ते प्लास्टिकमध्ये खुशाल राहू दे.

आता बाबांसाठी. झाकणांच्या त्या ढिगात मला फवारणीच्या औषधाचे मापाचे टोपण सापडले. बाबा, ते घासून धुतलेले होते, आणि ते स्वयंपाकघरात तुम्ही मुद्दाम आणले नसणार, धुतलेल्या भांड्यांबरोबर आले असणार, याची मला खात्री आहे. तरीही ते हातात आल्यावर माझे पाय गळाले. प्लास्टिक वरून स्वच्छ दिसते, पण तेल आणि औषध त्याच्या अंगात मुरलेले असते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा रोज संध्याकाळी फोनवर मला त्या बातम्या तुम्हीच सांगत होतात आणि तुमचा आवाज कापत होता. म्हणून हात जोडून सांगते, औषधाचा डबा रिकामा झाला की शेतातच तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोक पाडा आणि टोपणासकट तो घरापासून, विहिरीपासून दूर पुरा. बियाणे ठेवायला, डिझेल आणायला, कशालाही तो घरी येऊ देऊ नका. रागावून लिहीत नाही, तुमच्यावर मी कधी रागावले आहे का?

आई, सगळे कुठे ठेवले ते तू लगेच विसरशील म्हणून नाही, तर मी ते पाच दिवसांत घाईने बदलले म्हणून पुन्हा सांगते. रोज लागणारे सगळे तुझ्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या दोन फळ्यांवर आहे. तुरीची डाळ डावीकडे, तिच्यात तुझा बिब्बा तसाच ठेवला आहे. मध्ये साबुदाणा आणि भगर, उजवीकडे जवस आणि तीळ. डब्यांवर कागद चिकटवले नाहीत, ते ओल्या हाताने सुटतात, त्याऐवजी पारदर्शक बरण्या पुढे ठेवल्या आहेत, म्हणजे वाचायची गरजच नाही. रिकामे डबे एकात एक घालून खालच्या कप्प्यात आहेत आणि त्यांची झाकणे जुन्या ताटाळ्यात ताटांसारखी उभी लावली आहेत. पहिल्या दिवशी तू त्याला नाक मुरडलेस, पण दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने तूच झाकण बरोबर उपसलेस, ते मी दारातून पाहिले. माळ्यावर आता फक्त दिवाळीचे दिवे आणि मोठी परात आहे, आणि ती बाबांनीच काढायची.

डबे धुतल्यावर झाकण लावून ठेवू नकोस, पावसाळी हवेत आत कुबट वास धरतो. हळदीचे डाग घासून जात नाहीत, तेल लागलेली हळद प्लास्टिकमध्ये शिरते, पण तासदोन तास उन्हात ठेवलेस तर डाग फिके पडतात. मात्र मे महिन्यातल्या आपल्या उन्हात दिवसदिवस टाकून दिलेस तर डबाच तडकेल. कोणी नवा डबा आणून दिला तर जुना एक बाहेर गेला पाहिजे, आणि याबाबतीत वहिनीचे ऐकायचे. प्रसादासाठी झाकणासह ५ आकड्याचे १२ छोटे डबे मी पार्सलने पाठवले आहेत, सोमवारी-मंगळवारी मिळतील. कमी पडले तर आंबील गडव्यात आणि पुरणपोळी पळसाच्या पानात दे, वर्तमानपत्रात बांधू नकोस, छपाईची शाई पोळीच्या तुपात उतरते.

एक गोष्ट राहिली. माझी यवतमाळच्या वसतिगृहातली तीन वर्षे तू पहाटेच्या एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायचीस, तो हिरवा, एक कोपरा तुटलेला. बसस्टँडवर उभी राहून मी तो घेत असे आणि खोलीवर जाईपर्यंत धीर नसे, तिथल्याच बाकावर बसून झाकण उघडत असे. भाजीचे तेल पोळीत उतरलेले असायचे आणि हिरव्या डब्याचे बूड हळदीने पिवळे झालेले. तोही त्या ढिगात निघाला. त्याच्या बुडाशी आकडाच नाही, कोपरा तर गेलेलाच, म्हणजे माझ्याच नियमाने तो पहिल्यांदा पोत्यात जायला हवा होता. तो मी बॅगेत घालून इकडे आणला आहे. त्यात खायचे काही ठेवणार नाही, सुया, दोरे आणि बटणे ठेवली आहेत.

प्लास्टर काढायला जाल त्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितले ते त्याच दिवशी कळवा, आठ दिवसांनी नको.

तुमची,
बेबी