राउटरची जागा वायरीच्या लांबीवरून ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : १०० वरून ३०० एमबीपीएस वेगाचा इंटरनेट प्लॅन घेतल्यावर राउटर चुकीच्या जागी बसवणे व घरातली केबल अर्धवट जोडणे.

महोदय,

मी गेली चार वर्षं आपली ग्राहक आहे. रत्नागिरीजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत बसून मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करते. मुलीचे ऑनलाइन क्लासही त्याच खोलीत चालतात. काम वाढलं म्हणून ९ जूनला मी मोठा प्लॅन घेतला. जुनी वायर माकडांनी दोनदा तोडली होती, म्हणून खांबापासून नवी वायर ओढायचं आणि राउटरही नवा द्यायचं ठरलं.

घराची मांडणी आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला आहे. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी माझी खोली. ओटीपासून माझ्या खोलीपर्यंत जांभ्याच्या तीन भिंती, एकेक दीड फूट जाड. जुना राउटर माजघरात होता, त्यामुळे सगळीकडे बेताचं का होईना, नेट मिळत होतं. गेल्या वर्षी विजेचं काम केलं तेव्हा मी मुद्दाम ओटीच्या खिडकीपासून माजघरापर्यंत आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत वेगळा पाइप टाकून घेतला. पुढे वायर आत खेचता यावी म्हणून त्यात तारही ओढून ठेवली. प्लॅन बदलताना फोनवर हे सगळं सांगितलं होतं आणि "नोंद केली आहे" असं उत्तर मिळालं होतं.

प्रत्यक्षात आलेल्या मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्याकडची फायबरची वायर दोन्ही टोकांना जोड बसवलेली तयार वायर होती. तो जोड पाइपातून जाईना. मोकळी वायर ओढून घरात जोड बसवायचं सामान त्याला दिलेलंच नव्हतं. वायर ओटीपर्यंत पुरली, म्हणून राउटर ओटीवर लागला. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्या दिवशी त्याला आणखी पाच घरं करायची होती. पण जिथे आम्ही फक्त चपला काढतो तिथे राउटर आणि जिथे माणसं काम करतात तिथे नेट नाही, अशी गत झाली.

मागच्या खोलीसाठी "एक्स्टेन्शन केबल" म्हणून कौलांवरून २२ मीटर लॅन केबल टाकली. तिचे १,५०० रुपये त्या मुलाच्या यूपीआयवर घेतले गेले, पावती मिळाली नाही. मग ओटीवर उभं राहून मोबाइलवर स्पीड तपासला, २८० च्या वर आला. त्याचा फोटो काढला, माझ्याकडून कोड घेतला आणि काम पूर्ण झाल्याची नोंद झाली. मागच्या खोलीत कोणी आलंच नाही.

तिथे वायफायवर ७ एमबीपीएस मिळतात आणि केबलवर ९४. कितीही वेळा मोजा, ९४ च्या वर काटा जात नाही. हेल्पलाइनला तीनदा फोन केला. एकदा ५०० चा प्लॅन घ्या म्हणाले, एकदा वायफाय पुढे पोचवणारा २,२०० रुपयांचा एक्स्टेंडर घ्या म्हणाले. प्लॅन वाढवून भिंत पातळ होत नाही. वायफायचा जास्त वेग देणारा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापेक्षाही कमी पोचतो. आणि एक्स्टेंडरला मुळात जो सिग्नल मिळतो तोच तो पुढे देतो, तोही बहुतेक वेळा अर्ध्यावर आणून.

९४ चं कारण मला शेवटी केबलच्या टोकाशी सापडलं. पारदर्शक जॅक उजेडात धरला तर आठ खाचांपैकी चारच भरलेल्या दिसतात : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळ्या आणि तपकिरी जोडीच्या चारही तारा बाहेरच्या वेष्टनापाशी कापून टाकल्या आहेत. चार तारांवर ही केबल १०० च्या वर चालूच शकत नाही, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला, आठही लागतात. म्हणजे ३०० चे पैसे घेऊन माझ्या टेबलापर्यंत जुनाच प्लॅन पोचवला गेला.

पाऊस लागल्यावर आणखी एक दुखणं निघालं. फायबर खिडकीच्या चौकटीवरून काटकोनात वळवून क्लिपा ठोकल्या आहेत. झड येते म्हणून खिडकी लावली की झडपेची कड नेमकी त्या वळणावर बसते. तिथलं पांढरं आवरण चपटं झालं आहे. खिडकी लावली की थोड्या वेळात एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो. १२ जुलैला दुसरे तंत्रज्ञ आले. त्यांच्या मीटरवर सिग्नलची ताकद वजा २६.५ डीबीएम दिसत होती (वजा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), वायर मोकळी केल्यावर वजा १९.८ झाली. वजा २७ च्या आसपास यंत्राची हद्दच संपते, हे त्यांनीच मला सांगितलं. तरी वायर पुन्हा त्याच जागी बसवून ते गेले, कारण जागा बदलणं त्यांच्या कामात येत नाही.

२० जुलैला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पावसात खिडकी लावावी लागली आणि नेट गेलं. मोबाइलला घरात रेंज नाही. दोन व्यापाऱ्यांची विवरणपत्रं दुसऱ्या दिवशी गेली. प्रत्येकी ५० रुपये विलंब शुल्क मी माझ्या खिशातून भरलं. रक्कम लहान आहे, पण ती माणसं माझ्या शब्दावर विसंबून असतात आणि माझा शब्द त्या दिवशी खोटा पडला.

माझी मागणी अशी. मोकळी फायबर वायर माझ्या पाइपातून नेऊन राउटर माजघरात बसवावा. तिथून मागच्या खोलीपर्यंत पाइपातूनच अस्सल तांब्याची कॅट-६ केबल टाकावी आणि तिच्या आठही तारा जोडाव्यात. कौलांवरची केबल काढून न्यावी. १,५०० रुपये परत करावेत आणि ९ जूनपासून काम होईपर्यंत १०० च्या प्लॅनचंच भाडं लावावं. येताना माणसाला जोड बसवायचं सामान देऊन पाठवावं आणि स्पीड माझ्या टेबलावर मोजून मगच काम पूर्ण म्हणावं.

तिन्ही तक्रारींचे क्रमांक, जॅकचे आणि खिडकीचे फोटो, यूपीआयची नोंद सोबत जोडली आहे. सात दिवसांत काम झालं नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे आपल्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवीन. रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी दहानंतर मी घरी असते. पाइपाचं माजघरातलं तोंड मी उघडून ठेवलं आहे.

आपली,
एक ग्राहक