ऐझॉलहून आई-बाबांना

ऐझॉल, मिझोराम
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिथं सातबारा नसतो, तर जमीन कुणाची हे ठरतं कसं, आणि तुमची बँक कर्ज देते तरी कशावर. तेवढ्यात रेंज गेली. तसंही ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आज रविवार, सगळी दुकानं बंद, माणसं चर्चमध्ये, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरंही देते, पण आधी बाबांचं, नाहीतर ते पत्र मध्येच वाचायला मागतील.

आधी जमीन कशी आहे ते सांगते, कारण इथला सगळा कारभार तिच्यावरून ठरलेला आहे. उसाच्या रानात सरी-वरंबे काढावेत तसे इथले डोंगर उत्तर-दक्षिण ओळीनं पडलेत आणि प्रत्येक दोन ओळींच्या मधून एक नदी जाते. त्लौंग, तुइरिअल या उत्तरेला वाहत आसामात बराक नदीला मिळतात, तर छिमतुइपुई दक्षिणेला म्यानमारमध्ये जाते आणि तिथं ती कलादान होते. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर दर वेळी खाली नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. समोरच्या डोंगरावरचं गाव नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पण गाडीनं तिथं पोचायला दुपार होते. एकूण क्षेत्र 21,081 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या जवळजवळ अडीचपट, आणि लोकसंख्या 2011च्या जनगणनेत जेमतेम 11 लाख. सांगलीची तेव्हा 28 लाखांवर होती. सपाट म्हणावी अशी मोठी जमीन म्हणजे म्यानमारच्या सीमेजवळचं चांफाईचं खोरं. तिथं भातखाचरं आहेत, आणि त्याच जिल्ह्यातल्या ह्नाह्लान गावात चक्क द्राक्षबागा आहेत. तासगावची मुलगी असल्यानं मांडव बघून मी गाडी थांबवलीच. वाण मात्र आपल्याकडचा नाही. काळी, बियांची द्राक्षं असतात आणि बहुतेक वाईनला जातात.

बाकी सगळा उतार. उतारावर कायमचं शेत टिकत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झूम, म्हणजे फिरती शेती, चालत आली. जानेवारी-फेब्रुवारीत एका उतारावरची झाडी आणि बांबू तोडायचा, वाळू द्यायचा, मार्चच्या मध्यापर्यंत जाळायचा, पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात, मका, मिरची, भोपळा, तीळ असं मिसळून टोकायचं. पुढच्या वर्षी दुसरा उतार, आणि पहिल्यावर पुन्हा जंगल वाढू द्यायचं. आता तुम्हीच सांगा, दरवर्षी रान बदलत असेल तर गट नंबर कुणाच्या नावे लावणार? म्हणून जंगल गावाचं. कोणता डोंगर यंदा करायचा हे ग्रामपरिषद ठरवते आणि तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटते. विधवेला, म्हाताऱ्याला गावाजवळचा तुकडा मिळावा हे बऱ्याच गावांत चिठ्ठीआधीच बघितलं जातं. पीक निघालं की हक्क संपला.

पूर्वी हे वाटप गावचा सरदार करायचा. त्याला 'लाल' म्हणत. भाताचा हिस्सा त्याचा, आणि शिकारीतल्या प्राण्याची मांडीही त्याचीच. असे तीनशेवर सरदार होते. 1954मध्ये कायदा करून त्यांचे हक्क काढून घेतले आणि निवडून आलेल्या ग्रामपरिषदा बसवल्या. आपल्याकडे मुलकी पाटीलकी कायद्यानं गेली ती 1962मध्ये, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणजे हे डोंगर आपल्या आधी आठ वर्षं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण इकडच्या लोकांना मागास म्हणायची आपल्या लोकांना सवय आहे.

पंचायत राजचं घटनेतलं प्रकरण मिझोरामला लागू नाही. तसंच घटनेच्या कलम 371-जी प्रमाणे जमिनीची मालकी आणि हस्तांतरण, मिझोंच्या धार्मिक-सामाजिक रूढी, त्यांचा रूढीचा कायदा याबद्दल संसदेनं केलेला कायदा विधानसभेनं ठराव केल्याशिवाय इथं चालत नाही. विधानसभा 40 जणांची, लोकसभेत खासदार एक. दक्षिणेला लाई, मारा आणि चकमा या तीन जमातींच्या स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, घटनेच्या सहाव्या अनुसूचीखालच्या. त्या स्वतःचे कायदे करतात. आपल्या जिल्हा परिषदेशी त्यांचं फक्त नाव सारखं आहे.

कर्जाचं म्हणाल तर शहरात आणि मोठ्या गावांत 'एलएससी' म्हणजे लँड सेटलमेंट सर्टिफिकेट असतं, ते वारसानं जातं आणि तारण ठेवता येतं. ठरावीक मुदतीचा पट्टाही असतो. ज्याच्याकडे झूमचा तुकडा सोडून काही नाही, त्याच्याकडून आम्ही काय तारण घेणार? तिथं बचत गट, आणि माणसाची गावातली पत. माझ्या अनुभवात ही पत कागदापेक्षा कमी भरवशाची नाही. पण खरी अडचण पुढं आहे. ज्याच्याकडे एलएससी आहे तो सुपारीची, फळांची बाग करतो, त्याला कर्ज मिळतं. गावाच्या सामायिक जंगलातून असे कायमचे तुकडे निघत राहिले की झूमला डोंगर कमी पडतात आणि त्याच उतारावर लवकर परत यावं लागतं. जंगल पुरतं वाढलेलं नसतं, राख कमी पडते, पावसात माती वाहून जाते. कर्ज मंजूर करताना हे माझ्या मनात असतं. बागही हवी आहे आणि सामायिक डोंगरही. दोन्ही कसं राखायचं हा इथल्या कारभारापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, असं माझं मत झालंय.

आता आईचा प्रश्न. शेजारच्या काकूंनी तुला सांगितलं ना, की तिकडं बंडखोरी असते. होती, आई. ती कशी सुरू झाली हे तुम्हा दोघांना कळावं असं मला फार वाटतं.

इथल्या जंगलात माउताक नावाचा बांबू आहे, मैलोन्‌मैल तोच. तो साधारण 48 वर्षांनी एकदाच, सगळीकडे एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. पेरूएवढी फळं खाली पडतात. उंदरांना खाणं मिळालं की त्यांची बेसुमार वाढ होते. फळं संपली की ते शेतांत शिरतात आणि एका रात्रीत उभं भात फस्त करतात. याला इथं माउताम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना वर्ष तोंडपाठ होतं. 1911च्या सुमाराला झालं होतं, म्हणजे 1959ला होणार. इथल्या जिल्हा परिषदेनं 1958मध्येच आसाम सरकारला कळवून मदत मागितली होती, कारण तेव्हा हा आसामचा एक जिल्हा होता. त्यांचं म्हणणं गांभीर्यानं घेतलं गेलं नाही. दुष्काळ आला. डोंगरांतून पाठीवर धान्य वाहून नेणाऱ्या तरुणांची एक संघटना झाली, लालडेंगा तिचे पुढारी. 1961मध्ये त्या संघटनेच्या नावातला 'दुष्काळ' शब्द गेला आणि ती मिझो नॅशनल फ्रंट झाली. 1966च्या मार्चमध्ये उठाव. 5 मार्चला आपल्याच हवाई दलानं ऐझॉलवर हल्ला केला. पुढच्या वर्षापासून गावं उठवून रस्त्याकडेला आणून बसवली आणि मागची घरं जाळली. आमच्या घरमालकीणबाई तेव्हा लहान होत्या. आईनं हातात कोंबडी दिली होती आणि ती वाटेत निसटली, एवढंच त्या सांगतात आणि विषय बदलतात. मी पुन्हा विचारलेलं नाही.

बाबा, मार्च 66मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव होते, आणि गावं उठवायला सुरुवात झाली तेव्हा गृहमंत्रीही तेच. देवराष्ट्र्याचे, आपल्या जिल्ह्यातले. आपल्या घरात त्यांचा फोटो आहे आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही, पण हेही आपल्याला माहीत असायला हवं, असं इथं राहून वाटतं. आणि दुसरी बाजूही सांगते. 30 जून 1986ला जो मिझो करार झाला, त्यावर भारत सरकारतर्फे सही केली राम प्रधान यांनी. केंद्रीय गृहसचिव, मराठी माणूस, एकेकाळी यशवंतरावांचेच खासगी सचिव. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, 20 फेब्रुवारी 1987ला मिझोराम राज्य झालं, आणि तो करार आजपर्यंत टिकला आहे. देशात असे फार थोडे आहेत.

तुम्ही 72च्या दुष्काळात कामावर खडी फोडायला जात होतात. तिथं निदान काम काढलं, सुकडी वाटली, सरकारनं दखल घेतली. इथं एक वर्ष आधी मिळालेला इशारा फायलीत राहिला आणि वीस वर्षं रक्त सांडलं. पुढचा माउताम 2007ला आला तेव्हा सरकारनं आधीपासून योजना आखली होती, उंदरांच्या शेपट्या मोजून पैसे दिले जात होते. झूमचं पीक तेव्हाही मोठ्या प्रमाणावर गेलं, माणसं हवालदिल झाली, पण धान्य पोचलं. पुढचा 2055च्या आसपास.

तर आता, आई, मी सुरक्षित आहे का? रात्री उशिरा ऑफिसातून एकटी चालत घरी येते. प्रत्येक वस्तीत, इथं तिला 'वेंग' म्हणतात, यंग मिझो असोसिएशनची शाखा आहे. 1935पासूनची संस्था, सगळे तिला वायएमए म्हणतात. वस्तीत भोंगे लावलेत, त्यावरून संध्याकाळी निवेदन होतं. पाणी कधी येणार, उद्या श्रमदान कुठं, कोण वारलं. कुणी वारलं की वायएमएची मुलं कबर खणतात आणि त्या घरात रात्रभर गाणी म्हणत बसतात. त्या घरच्यांना एकटं सोडत नाहीत. गेल्या वर्षी मेमध्ये, रेमाल वादळाच्या पावसात, शहराच्या कडेला दगडखाण कोसळून घरं गाडली गेली. त्या वेळीही ही मुलं चिखलात उतरली होती. दरडींची भीती मात्र खरी आहे, ती मी तुमच्यापासून लपवत नाही. उतारावर एवढी उंच घरं बांधणं मला पटत नाही. पावसाळ्यात मी प्रवास टाळते.

पाण्याचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. इथं पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टंचाई! उतारावर पाणी थांबतच नाही. शहराचं पाणी खालच्या त्लौंग नदीतून जवळजवळ हजार मीटर वर उचलतात. बाबा, आपल्याकडच्या म्हैसाळ-टेंभू उपसा योजना आठवल्या ना? म्हणून प्रत्येक घराच्या पत्र्याला पन्हळ आणि खाली टाकी. आपल्या वाड्याच्या पत्र्यालाही तशी पन्हळ लावा, मी सलगरच्या मामाला सांगते.

जेवणाची काळजी करू नकोस. डुकराच्या मांसाशिवाय इथं जेवण होत नाही असं नाही. 'बाइ' म्हणून पालेभाज्यांची पातळ, बिनतेलाची भाजी असते, बांबूचे कोवळे कोंब असतात, इस्कुत नावाचं दुधीसारख्या चवीचं फळ भरपूर. फोडणी नसते, ती मी घरी देते. मिरची मात्र अशी की आपली लवंगी फिकी पडेल. सेलिंगजवळ हमरस्त्याला भाजीची दुकानं आहेत, तिथं विकणारं कुणी बसत नाही. शेतकरी भाजी ठेवून झूमवर जातो, आपण घ्यायची आणि डब्यात पैसे टाकायचे. तुला तिथं नेणार आहे.

जानेवारीत याच. पाऊस नसतो, आभाळ स्वच्छ, थंडी आपल्या महाबळेश्वरसारखी. पुण्याहून कोलकाता आणि तिथून लेंगपुई विमानतळ, तिथं मी न्यायला येते. सप्टेंबरपासून सैरांगपर्यंत रेल्वेही आली आहे, बोगदे आणि पूल ओलांडत पन्नासेक किलोमीटरचा नवा मार्ग. पण त्यातला एक पूल बांधत असताना, 2023च्या ऑगस्टमध्ये, वीसहून जास्त मजूर गेले, बहुतेक बंगालमधल्या माल्द्याचे. मी त्या गाडीनं गेले तेव्हा मला त्यांचीच आठवण येत होती. तुमच्यासाठी मात्र एवढा लांबचा प्रवास नको, आईचे गुडघे आहेत.

गुडघ्यांवरून सांगते, इथली घरं रस्त्यापासून खाली उतरत जातात. रस्त्याच्या पातळीवर वरचा मजला आणि खाली तीन-चार. आम्ही रस्त्यालगतच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आईला एकही पायरी नाही.

मिझोरामात यायला बाहेरच्यांना परवाना लागतो, इनर लाइन परमिट. 1873चा इंग्रजांच्या वेळचा नियम आहे. तो ठेवला म्हणून इथली जमीन इथल्या लोकांकडे राहिली, त्यामुळे बाबा, त्याबद्दल कुरकुर करू नका. अर्ज मी इथून ऑनलाइन भरते. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आधारची दोन्ही बाजूंची प्रत दादाच्या मोबाइलवरून पाठवा. आईच्या आधारवर नाव माहेरचं आहे की सासरचं ते आधी बघून कळवा, आणि बीपीच्या गोळ्या दीड महिन्याच्या आणा.

तुमची,
ताई