गार्डसाहेब, हे पत्र तुमच्यासाठी

गार्डसाहेब,

सप्रेम नमस्कार.

ही हाक बाबांची. पहिल्या दिवशी तुम्ही 'मालगाडीवर कंडक्टर होतो' म्हणालात आणि बाबांच्या डोळ्यांपुढे एसटीचा कंडक्टर उभा राहिला. मालगाडीत तिकीट कोण काढतं, हे त्यांना उमगेना. मग तुम्ही गाडीच्या शेपटाकडे बोट केलंत, हातात नसलेला कंदील हलवून दाखवलात, तसे बाबा खुर्चीतून उठलेच. "अरे, हे तर गार्डसाहेब!" त्यानंतर तुमचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. इथेही घेत नाही, कारण जाहीर लिहिणार असशील तर नाव नको, असं तुम्हीच बजावलं आहे.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे. शनिवारी भेटल्यावर इंग्रजीत सांगेनच. पण बाबांबद्दल मला नीट लिहिता येतं ते मराठीतच. शिवाय उन्हाळ्यात आईवडिलांना न्यू जर्सीला बोलावून दिवसभर ऑफिसात बसणारे माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांच्याही नजरेस पडलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये तीस वर्षांहून जास्त फिटर म्हणून काम केलेला माणूस, आमच्या घरात डिशवॉशरच्या आवाजाला कान लावून बसायचा. "याचा पंप ओढून चालतोय," असं एकदा म्हणाले. तेवढंच त्या आठवड्यातलं सर्वांत लांब वाक्य. मग एका संध्याकाळी ते वेळेवर परतले नाहीत, म्हणून शोधायला निघालो, तर बाउंड ब्रूक स्टेशनाजवळ दोन घडीच्या खुर्च्या, एकीत तुम्ही, एकीत बाबा. समोरून मालगाडी चाललेली. तुम्ही इंग्रजीत मोजत होतात, बाबा मराठीत. गाडी संपल्यावर दोघांचे आकडे जुळेनात आणि मला दुभाषी म्हणून उभं केलं गेलं.

भांडण कंटेनरच्या डब्यांवरून होतं. पाच भाग एकमेकांना जोडलेले, मधल्या चाकांचे सांगाडे दोन शेजाऱ्यांत सामायिक, आणि सगळ्यांना मिळून एकच नंबर. बाबांनी ते पाच धरले होते, तुम्ही एक. शेवटी मीच तोड काढली, "बाबा, ती पाच खोल्यांची चाळ आहे, घर नंबर एकच." ते पटलं. बदल्यात बाबांनी तुम्हाला 'वाघीण' शब्द दिला. वॅगनला आम्ही वाघीण म्हणतो आणि त्याचा अर्थ वाघाची मादी, हे ऐकल्यावर तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात. हल्ली तुम्हीही 'वाघीन' म्हणता. 'ण' जमत नाही, चालायचंच.

ती जागाही तुम्ही हौसेने निवडली होती, हे नंतर कळलं. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी, लीहाय व्हॅली आणि रेडिंग या तिन्ही कंपन्यांचे रूळ त्या गावात एकत्र येत. (स्पेलिंग वाचनाचं, उच्चार रेडिंग. मी चुकलो, तेव्हा तुम्ही केलेला चेहरा आठवतो.) तिन्ही आता नाहीत. तुमची कंपनी एरी लॅकवानाही नाही. १ एप्रिल १९७६ला या चौघी, पेन सेंट्रल आणि लीहाय अँड हडसन रिव्हर अशा सहा बुडालेल्या कंपन्या एका मोटेत बांधून सरकारने कॉनरेल उभी केली. "तारीखही कशी शोधून काढली बघ," असं तुम्ही म्हणाला होतात.

कंपन्या का बुडाल्या, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही एकाला कुणाला गुन्हेगार ठरवलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या परिसरातला अँथ्रसाइट कोळसा घराघरांत जळत होता तोवर सगळ्यांची चंगळ होती, मग लोक तेलाकडे आणि गॅसकडे वळले. एकाच दोन शहरांमध्ये तीन-तीन कंपन्यांचे रूळ पडलेले, माल मात्र एकालाच पुरेल इतका. सरकारने बांधलेले महामार्ग. आणि १९७२च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने एरी लॅकवानाचा मार्ग जागोजागी धुऊन नेला, त्यातच कंपनीने दिवाळं काढलं. हे सांगताना तुमचा आवाज सरळ होता. आवाज चढला तो केबूजवर.

केबूज म्हणजे आमचा गार्डाचा डबा, हे बाबांना समजावायची गरजच पडली नाही. छतावरच्या काचेच्या खोपटात बसून तुम्ही अख्ख्या गाडीच्या लांबीवर नजर ठेवायचात. धूर दिसतोय का, जळक्या तेलाचा वास येतोय का. जुन्या डब्यांची बेअरिंगं पितळेची, आणि त्यांच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा. तेल आटलं की बेअरिंग तापायचं, बोळा पेटायचा, वेळीच कळलं नाही तर आस तुटून गाडी रुळांखाली. तुम्ही याला हॉट बॉक्स म्हणालात. मी भाषांतराला तोंड उघडणार, तोच बाबांनी नाकाला हात लावला आणि म्हणाले, "हॉट अ‍ॅक्सल!" तुम्हीही नाकाला हात लावलात. त्या संध्याकाळी माझी नोकरी गेली म्हणायची.

रोलर बेअरिंगं आली, हॉट बॉक्स कमी झाले. मग १९८०नंतर शेवटच्या डब्यावर लुकलुकणारा दिवा असलेली पेटी लटकली आणि केबूज गेला. "पेटीला नाक नसतं," हे तुमचं वाक्य बाबा आता त्यांच्या कट्ट्यावर स्वतःचं म्हणून खपवतात. आमच्याकडे २०२२ मध्ये गार्डचा 'ट्रेन मॅनेजर' झाला, हे त्यांनी सांगितल्यावर मात्र तुम्ही हसला नाहीत.

डबे वाचायला मला तुम्ही शिकवलंत, तोवर ती माझ्यासाठी फाटकावर वाट अडवणारी भिंत होती. अक्षरांच्या शेवटी एक्स असेल, तर डबा रेल्वे कंपनीचा नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा. कोपऱ्यात डब्याची जन्मतारीख असते. एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर हिंडायची मुभा डब्याला साधारण पन्नास वर्षं, १९७४च्या मध्यापूर्वी बांधलेल्यांना तर चाळीसच. म्हणजे सत्तरच्या दशकातले शेवटचे रंगीत बॉक्सकार, म्हणजे बंद डबे, आता भंगारात चालले आहेत. "पटापट बघून घे," म्हणालात.

एकदा मी डब्यावर पीआरआर वाचून थबकलो. पेनसिल्व्हेनिया रेलरोड तर १९६८ मध्येच न्यूयॉर्क सेंट्रलशी एक होऊन पेन सेंट्रलमध्ये संपली, आणि हा डबा त्यानंतरचा! तुम्ही खूश झालात, मास्तर होतात तसे. १९९९ मध्ये कॉनरेलचीही दोन रेल्वे कंपन्यांत वाटणी झाली, नॉरफोक सदर्नच्या वाट्याला आलेल्या डब्यांवर पीआरआर लिहिलं गेलं आणि सीएसएक्सच्या डब्यांवर एनवायसी. बाबांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं, तसं." त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते.

"तुझ्या वडिलांच्या शेडमध्ये कोणती इंजिनं होती?" असं तुम्ही मला विचारलंत. मी म्हणालो, "डिझेल." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी स्वतःचं आडनाव विसरलोय. मग बाबांकडे वळलात, आणि ते एकच शब्द बोलले, "अल्को." तुमच्याच देशातल्या इंजिन बांधणाऱ्या कंपनीचं नाव. पुढच्याच शनिवारी तुम्ही आम्हाला स्क्रँटनला नेलंत. गुडघ्याचं दुखणं असताना, दोन तास गाडीत बसून.

वाटेत डेलावेअर नदीपाशी हायवेवरून गेलेली काँक्रीटची कमान दाखवलीत. १९११ साली लॅकवाना कंपनीने डोंगर कापून, दऱ्या भरून सरळ मार्ग काढला, त्याचा हा पूल. १९८४ मध्ये त्यावरचे रूळ उपटले. "आणि आपण खालून मोटारीने चाललोय," एवढंच बोललात. बाबा मान मागे वळवून पूल दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

स्टीमटाउन या रेल्वे संग्रहालयाच्या आवारात ४०१२ क्रमांकाचं बिग बॉय, वाफेचं अवाढव्य इंजिन, उभं होतं. अशी पंचवीस बांधली, आठ उरली. लोक त्याच्यापुढे फोटो काढत होते आणि बाबा सरळ पुढे निघाले. वाफेशी माझा संबंध नाही, म्हणाले. तुम्ही त्यांची बाही धरलीत आणि सांगितलंत, हेही अल्कोनेच बांधलंय, स्केनेक्टडीला. बाबा परत फिरले. चाकावर हात ठेवून नमस्कार केला, खंडेनवमीला शेडमध्ये करायचे तसा.

आणि मग तो आवाज. डेलावेअर-लॅकवाना नावाची छोटी कंपनी स्क्रँटनमध्ये आजही अल्को इंजिनं चालवते, हे मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. रस्त्याच्या कडेला तुम्ही आम्हाला उभं केलंत. टांग्याची घोडी जागच्या जागी पाय बदलत राहावी, तशी ती अडखळती धडधड लांबून आली. बाबांनी डोळे मिटले. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे वेगाचे टप्पे, वाढवले, तशी बाबांची बोटं एकेक उघडत गेली, तीन, चार, पाच. काळ्या धुराचा लोट उठला. "टर्बोला दम लागतो," बाबा म्हणाले, "तेल आधी पोचतं, हवा मागून." पुढे म्हणाले, "फायरिंग झकास आहे."

अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बांधणं थांबवलं. तोवर १९६२ मध्ये त्यांची डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिनं भारतात पोचली होती, २६०० अश्वशक्तीची. वाराणसीच्या कारखान्याने त्याच नमुन्यावर पुढे अडीच हजारांहून जास्त बांधली. अमेरिकेतली कंपनी गेली, आणि तिच्या इंजिनांची देखभाल करून माझ्या वडिलांनी मला शिकवलं, अमेरिकेला पाठवलं. हे मला स्क्रँटनच्या फुटपाथवर, इंग्रजीत कळलं.

परतताना तुम्ही विचारत गेलात आणि मी भाषांतर करत गेलो. रात्रपाळीत थंडी कशी काढायचात? बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचात? बाबांनी सांगितलं, लांब सळईचं एक टोक इंजिनाला लावायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. माझ्या लहानपणी त्यांच्या उजव्या कानामागे कायम काळा डाग असायचा. उशीचे अभ्रे खराब होतात म्हणून आई रोज कटकट करायची. तो डाग कसला, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून उत्तर माझ्या तोंडून, इंग्रजीत, मलाच ऐकू आलं.

त्याबद्दल आभार, गार्डसाहेब. थँक यू तेव्हा म्हणालो होतो, पण ते तर आपण इथे दार धरून ठेवणाऱ्यालाही म्हणतो.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही बाबांना जुनं पितळी बेअरिंग दिलंत. विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली. तो ओबडधोबड गोळा पाहून तिथला माणूस चक्रावला, आणि बाबांनी त्याला समजेल अशा एकमेव भाषेत सांगितलं, नाकाला हात लावून. मला धावत जावं लागलं. आता ते हडपसरच्या फ्लॅटमध्ये दाराला टेकण म्हणून असतं, आणि दूधवाल्यालाही त्याची गोष्ट पाठ झाली आहे.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, काल किती वाघिणी? तुम्ही आणि मी वेगवेगळं मोजतो, त्यामुळे त्यांना दोन आकडे पाठवावे लागतात. चाळ एक धरून आणि चाळ पाच धरून. ते दोन्ही वहीत लिहितात.

या शनिवारी पाचला येतो. माझी खुर्ची आणतोय, आणि बाबांनी पाठवलेला चिवडा. तिखट आहे, पाणी सोबत ठेवा.

तुमचा,
दुभाषी