नानांस, एका फेरफाराबद्दल

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहाले ये" म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे उघड पत्र.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पांझरेकाठचं आमचं गाव ओसाड पडलं होतं आणि आमच्या खापरपणजोबांनी एका बैलजोडीवर ते पुन्हा वसवलं. खोटी वाटावी अशी ही गोष्ट नव्हतीच. होळकरी फौजांची लूट आणि १८०४चा दुष्काळ यांनी खानदेशात गावंच्या गावं बेचिराख झाली होती, आणि १८१८ नंतर इंग्रजांनी कमी साऱ्याचे कौल (जमीन कसण्याचे करार) देऊन पडीक जमिनी लागवडीला आणल्या. मला फक्त कागद हवा होता. खरं सांगतो, मिरवायला हवा होता.

तुम्ही तलाठी म्हणून तुमच्याकडे आलो, तेव्हा माझ्या वहीत काय काय होतं! गट नंबर घेऊन मी शंभर वर्षांपूर्वीचा उतारा शोधत होतो. गट नंबर जमिनींच्या एकत्रीकरणानंतर पडले, त्याआधी सर्व्हे नंबर, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. वंशावळीत मी 'कोम' नावाचा एक पूर्वज घातला होता आणि 'अपाक' हे कुणाचं तरी आडनाव धरलं होतं. तुम्ही हसला नाहीत. (काकू हसल्या, आतून आवाज आला.) 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, एवढंच म्हणालात आणि भिंग पुसलंत.

मग १९१९चा तो फेरफार, म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेल्याची नोंद. मोडीत ना ऱ्हस्व-दीर्घ, ना दोन शब्दांत जागा. मला ती नुसती ओढलेली रेघ दिसत होती. तुम्ही बोट ठेवून वाचलंत: मानमोडीच्या साथीत मयत झालेली बाई, 'कोम'पुढे आमच्या खापरपणजोबांचं नाव, वारस अज्ञान नातू, अ.पा.क. त्याची आई. तो नातू म्हणजे माझे आजोबा. आणि जमीन बाईच्या नावावर, बापाकडून आलेली.

तरी मी हटलो नाही. माळ्यावर सापडलेली लग्नातली आहेराची वही पुढे केली. तिच्यावर १७९९. म्हटलं, बघा, इंग्रजांच्याही आधीपासून आम्ही इथे! तुम्ही आकड्यामागचा 'श' दाखवलात. "शके शे भो. अठ्ठ्याहत्तर मिळव." १८७७. गाव तेव्हा चांगलं नांदतं होतं. मांडव नवरीच्या दारी, म्हणजे आमच्याच गावात, आणि नवरदेवाचं गाव भलतंच, तापीपलीकडचं. तुम्ही पान उलटत म्हणालात, "तुन्हा खापरपणजा घरजवाई व्हता."

त्या वहीतला आहेर मी नंतर पुन्हा पुन्हा वाचला. लुगडी-धोतरं मोजकीच, बाकी पायली-दोन पायली ज्वारी, एकाकडून नुसतं मापटंभर. १८७६ ते ७८चा दुष्काळ दख्खनभर चालू होता. त्या वैशाखात मापटंभर ज्वारी देणाऱ्यानं काय दिलं असेल, ते तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं.

गाव वसवणारे कोणी असतील तर ते तिच्या बापाकडचे, आणि त्यांचं आडनाव आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. काकांना हे पचलं नाही. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, तुमच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. आई मात्र म्हणाली, "अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळ्या लेकी माहेरी येतात. हिला कुठे जावंच लागलं नाही, बरी नशिबाची."

तुम्ही पैसे घेतले नाहीत. भिंगाचा दांडा दोऱ्यानं बांधलेला पाहिला होता, म्हणून नवं भिंग सोबत पाठवतो. हे तरी परत करू नका.

यंदा अखाजीला पितरांची घागर भरताना काकांनी तिचं नाव घेतलं. पुटपुटत, पण घेतलं. नंतर जेवताना मांडा रसात बुडवत मला विचारलं, "त्या तलाठी नानांना तापीपलीकडच्या गावचं काही माहीत असेल का रे?"

तेव्हा पुढच्या रविवारी येतोय. काका बरोबर असतील.

तुमचा,
खापरपणजीकडून गावकरी